अस्ल, नक्ल आणि मालेगावचा सुपरमॅन

सातवीच्या मुलांना ‘माझा आवडता वीर’ या विषयावर चित्र काढायला आणि त्याखाली चार ओळी लिहायला सांगितले होते. शाळा उर्दू माध्यमाची, गाव भंडारा जिल्ह्यातले. बहुतेक वह्यांत अपेक्षेप्रमाणे स्पायडरमॅन, छोटा भीम आणि एकदोन क्रिकेटपटू अवतरले. एका मुलीने मात्र उडणारा सुपरमॅन काढला होता. त्याच्या खांद्यावर लाल झुलीऐवजी तिच्या गणवेशाची ओढणी फडकत होती आणि चेहराही मुलीचा होता. मागच्या बाकावरचा मुलगा वाकून पाहत म्हणाला, “मॅडम, ये असली नहीं है. असली सुपरमॅन ऐसा नहीं होता.” मुलीने लगेच चित्रावर हात ठेवला.

मी त्या मुलाला गप्प बसवले, पण उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर ते माझ्याजवळ नव्हते. मूळ सुपरमॅन गोरा, अमेरिकेतला, पुरुष. मुलगा चूक बोलला असे कसे म्हणणार? आणि मुलीने तरी काय चूक केली होती?

मुलाने वापरलेला शब्द आपल्या घराघरांतला आहे. ‘असली’ हा ‘अस्ल’पासून आला. अस्ल म्हणजे मूळ. त्याच्या उलट आपण ‘नकली’ म्हणतो. पण ‘नक्ल’ या अरबी शब्दाचा मूळचा अर्थ खोटे असा नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे असा आहे. घर किंवा गाव बदलण्याला उर्दूत आजही ‘नक्ल-ए-मकानी’ म्हणतात. ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगणे हीदेखील नक्लच. मराठीत हा शब्द ‘नक्कल’ होऊन आला आणि त्यात चेष्टेचा नाहीतर कचेरीतल्या कागदाच्या प्रतीचा अर्थ तेवढा उरला. जुने, गाजलेले वीर नव्या रंगरूपात आणावेत की मुळाशी इमान राखावे, या वादाकडे या दोन शब्दांच्या मधून पाहता येईल असे मला वाटते.

हा वाद जगभर चालू आहे. २०११ साली अमेरिकेतल्या एका चित्रकथामालिकेत माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय वडिलांचा आणि पोर्टो रिकन आईचा मुलगा स्पायडरमॅन झाला. २०१४ साली ‘मिस मार्व्हल’ या नावाने जर्सी सिटीतली कमला खान ही पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी पुढे आली. काहींनी स्वागत केले. काहींनी विचारले की, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ज्या पात्रांवर जीव लावला, त्यांना बदलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? या दुसऱ्या पक्षाला सरसकट संकुचित म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. वाचकाचे पात्राशी नाते जडते, आणि ते पात्र केवळ विक्रीसाठी किंवा पुरोगामी म्हणवून घेण्यासाठी बदलले, तर त्याला फसवल्यासारखे वाटते. ही तक्रार खरी आहे. प्रश्न एवढाच की, ज्याच्याशी इमान राखायचे ते मूळ नेमके कोणते?

सुपरमॅनचेच घ्या. क्लीव्हलँड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू तरुणांनी तो निर्माण केला. दोघेही स्थलांतरित कुटुंबांतले. जून १९३८ अशी तारीख असलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो छापून आला आणि त्याचे हक्क दोघांनी १३० डॉलरला विकून टाकले. आपले जग नष्ट झाल्यावर परक्या घरी वाढलेला, नाव बदलून राहणारा हा वीर म्हणजे मुळात निर्वासित. तो फाशीच्या दारातून निरपराध माणसाला सोडवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो. पुढच्या एका अंकात कामगारांच्या जिवाची पर्वा न करणाऱ्या खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवून शुद्धीवर आणतो. गंमत म्हणजे हा अस्सल सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारत होता. उडणे पुढे आले. त्याला निष्प्रभ करणारा क्रिप्टोनाइटचा दगडही नभोवाणीच्या मालिकेतून १९४३ साली आला. म्हणजे आज ज्याला आपण मूळ समजतो, त्यात बदलांचे थर आहेत. आणि पुढच्या काळात तो व्यवस्थेचा रखवालदार होत गेला, तेव्हा गरिबांच्या बाजूचा पहिला सुपरमॅन मागे पडला. पोशाख तोच राहिला म्हणून या बदलाची तक्रार फारशी कोणी केली नाही.

आता मालेगावकडे वळू. यंत्रमागांचे हे गाव बाहेरच्या महाराष्ट्राला दंगलीच्या आणि २००६ व २००८ सालच्या बॉम्बस्फोटांच्या बातम्यांतून माहीत. याच गावात शेख नासिर नावाच्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि पुढे सुपरमॅनला मालेगावात आणायचे ठरवले. या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ साली केला. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो २०१२ साली लागला. सुपरमॅन झाला होता शफीक, हाडकुळा यंत्रमाग कामगार. अंगात तो पोशाख, पायात साध्या चपला. उडण्याचे दृश्य घ्यायचे तर ट्रकच्या बाजूला हिरवे कापड ताणायचे आणि शफीकला आडव्या लाकडावर लटकवून ट्रक पळवायचा. चित्रीकरण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडला. मध्येच शफीकचे लग्न निघाले. तरीही काम पुरे झाले.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो या सुपरमॅनचा शत्रू. तो परग्रहावरून आलेला नाही. त्याला घाण आवडते. गावाने तंबाखू खावी, थुंकावे आणि घाणीत राहावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. आणि सुपरमॅनला काय होते? गावच्या धुळीने दमा होतो. क्रिप्टोनाइटचे काम मालेगावची हवा करते. यंत्रमागाच्या गावात वाढलेल्या माणसालाच सुचेल अशी ही गोष्ट आहे. इथे वीराला नुसते हिरवे कपडे घालून मुसलमान केलेले नाही. त्याच्या छातीत गावाचा दमा भरला आहे.

याच्या शेजारी एक दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. २००४ साली स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती निघाली. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, खेड्यातून मुंबईला आला, धोतर नेसला. काका बेनचे भीमकाका झाले, मेरी जेनची मीरा जैन. शक्ती कोळ्याच्या चाव्याऐवजी एका योग्याने दिली. चित्रे देखणी होती. पण वाचताना असे वाटत राहते की, कोणी मूळ गोष्टीची वही समोर ठेवून एकेका शब्दाखाली देशी प्रतिशब्द लिहिला आहे. मुंबईने या मुलाला काय दिले आणि त्याच्याकडून काय हिरावून घेतले, हे कळत नाही. ही कचेरीतली नक्कल झाली. शिक्का बदलला, मजकूर तोच. मालेगावच्या पोरांनी केली ती अरबी अर्थाची नक्ल. त्यांनी वीराला उचलून आपल्या गल्लीत नेले आणि गल्लीत त्याचे काय होईल ते प्रामाणिकपणे दाखवले. तिथे तो मोठ्यांच्या गुंडगिरीविरुद्ध लहानांच्या बाजूने उभा राहिला, म्हणजे १९३८च्या अस्लाजवळ पोचला.

येथे आपल्या वाचकांच्या मनातला एक सल मोकळेपणाने मांडला पाहिजे. मालेगावचा सुपरमॅन हसवतो. नाशिक, पुणे, मुंबईचा सुशिक्षित प्रेक्षक हसतो. तो कशाला हसतो? ‘बघा, यांचा सुपरमॅनसुद्धा दमेकरी’ असे तर त्याच्या हसण्यात नाही? मुख्य प्रवाहात आम्ही खलनायक म्हणून येतो, नाहीतर विनोदी नोकर म्हणून; मग आमच्या वीरानेही विदूषकच का व्हावे? माझ्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी माहितीपट अर्ध्यावर बंद केला. “आपली गरिबी दाखवून लोकांना हसवायचे, यात कसला अभिमान?” असे ते म्हणाले. त्यांचे दुःख मला खोटे वाटत नाही.

तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही. हे हसणे मालेगावच्या लोकांनी स्वतः लिहिलेले आहे. ते आधी स्वतःसाठी हसतात. आमच्या झाडीपट्टीत दंडारीच्या मांडवाजवळ बसलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे पुराणातला मोठा वीर गावच्या बोलीत बोलतो, लोक पोट धरून हसतात, आणि त्या हसण्याने वीराचा मान कमी होत नाही. तो गावचा होतो. चेष्टा वेगळी आणि जवळीक वेगळी. कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावर बरेच अवलंबून असते.

म्हणूनच पुढच्या रूपाकडे जरा सावधपणे पाहावे लागते. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह आणि शशांक अरोरा यांनी कामे मनापासून केली आहेत. मुसलमान तरुण इथे बॉम्ब किंवा दंगल यांच्या संदर्भाशिवाय भेटतात. मैत्री करतात, भांडतात, स्वप्ने पाहतात. ही लहान गोष्ट नाही. पण बदल पाहा. या चित्रपटात शफीक आजारी पडतो आणि त्याच्यासाठी मित्र सुपरमॅन काढतात. प्रत्यक्षात चित्रपट आधी झाला. कर्करोगाने शफीक पुढे गेला आणि माहितीपट चित्रपटगृहांत लागला तेव्हा तो हयात नव्हता. तंबाखूविरुद्ध लढणारा सुपरमॅन कर्करोगाने जावा, हे कोणत्याही पटकथेपेक्षा भयंकर आहे. क्रम बदलल्याने शेवट हृदयस्पर्शी झाला हे मान्य, पण शफीक मजेखातर, हौसेखातर उडाला होता, ही साधी गोष्ट हरवली. गरिबाच्या हौसेला काही दुःखद कारण असलेच पाहिजे, असे मोठ्या पडद्याला का वाटते? मुळाशी इमान राखण्याचा प्रश्न इथे मला अमेरिकेच्या सुपरमॅनपेक्षा मालेगावच्या सुपरमॅनबाबत अधिक टोचला.

दुसरा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. जुन्यांना कशाला हात लावता, आपले नवे वीर घडवा. हे सांगणे रास्त आहे, आणि ते आपल्याकडे झालेलेही आहे. १९६४ पासून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सने मराठी वाचकाला वेताळ दिला. मूळच्या फँटमचा देश ‘बेंगाली’ भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाला आणि त्याच्या शत्रुपक्षातल्या ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. इथल्या वाचकाला खटकू नये म्हणून केलेले हे बदल कोणी बेइमानी मानले नाहीत. पण १९७६ साली याच इंद्रजालसाठी आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ हा पूर्णपणे नवा, भारतीय वीर लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चितारला. भगवा कुडता, खाली जीन्स. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलगा सूडाच्या वाटेवरून वळून गावकऱ्यांच्या संरक्षणाला उभा राहतो. एका मुसलमान लेखकाने भगव्या कुडत्यातला वीर घडवावा आणि वाचकांनी त्याला आपला म्हणावे, यात त्या काळाचा मोठेपणा आहे. पण या उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. लेखक आपला होता, तरी मुसलमान नावाचा तोलामोलाचा वीर त्या पानांवर माझ्या वाचनात आला नाही. नवे घडवायला पान लागते, मालक लागतो, बाजार लागतो. जुन्या वीराचे नाव मागणारा माणूस अनेकदा त्या नावामागे मिळणारे पान मागत असतो.

कमला खानच्या गोष्टीत हा पेच चांगला उलगडला आहे. तिची मूळ चित्रकथा जी. विलो विल्सन या स्वतः इस्लाम स्वीकारलेल्या लेखिकेची, आणि संपादिका सना अमानत यांचा त्यात मोठा वाटा. कमलाला रूप बदलण्याची शक्ती मिळते तेव्हा ती सर्वप्रथम काय करते? तिची आवडती, सोनेरी केसांची, गोरी मिस मार्व्हल होते. आणि तिच्या ध्यानात येते की, हे शरीर अडचणीचे आहे, यात आपण आपण नाही. त्या रूपातच ती बुडत्या मुलीला वाचवायला धावते, पण त्या क्षणी तिला आठवते ती वडिलांनी शिकवलेली, एका जिवाला वाचवण्याचे मोल सांगणारी कुरआनची आयत. पोशाख परका, अस्ल घरचे. पुढे ती बुर्किनीच्या कापडाचा पोशाख करून स्वतःच्या चेहऱ्याने उभी राहते. आधीची मिस मार्व्हल नष्ट होत नाही; ती कॅप्टन मार्व्हल होऊन पुढे गेलेली असते, नाव फक्त वारशाने खाली येते. वारसा मिळणे आणि जागा बळकावणे यातला फरक इतका सोपा करून मी दुसरीकडे वाचला नाही.

मौज अशी की, २०२२ साली तिची दूरचित्रमालिका आली तेव्हा कमलाच्या चाहत्यांनीच तक्रार केली. तिची शक्ती आता तिच्या शरीरातली राहिली नाही, पणजीच्या कंगनातून प्रकटू लागली, आणि गोष्ट १९४७च्या फाळणीच्या रेल्वेगाडीपर्यंत गेली. मूळ बदलले, असे ते म्हणाले. म्हणजे काल जी बदल होती ती आज मूळ झाली. मला स्वतःला फाळणीचा भाग भावला, कारण ती आठवण कमलाच्या घराची आहे. अंगभूत शक्ती काढून घेतल्याचे मात्र खटकले.

आता न्याय म्हणून हाच काटा आपल्या घरच्या वीराला लावू. हातिमताई आपल्या शाळांच्या कपाटांत असतोच. इस्लामपूर्व काळातला ताई कबिल्याचा हा सरदार केवळ दातृत्वासाठी प्रसिद्ध. त्याचा मुलगा अदी पुढे सहाबी झाला. अरबस्तानातून फारसीत, फारसीतून उर्दूत, मराठीत, प्रत्येक मुक्कामी त्याच्या किश्श्यात पऱ्या आणि जादूगार वाढत गेले. पण सात प्रश्नांची उत्तरे शोधायला तो निघतो ते स्वतःसाठी नाही. हुस्नबानूवर जीव जडलेल्या मुनीरशामीसाठी. २००३ साली एका खासगी दूरचित्रवाहिनीवर ‘हातिम’ मालिका आली. आम्ही शाळकरी मुलांनी ती डोळे विस्फारून पाहिली. आज आठवताना वाटते, तिथे हातिमची तलवार मोठी झाली आणि देणारा हात लहान. त्याचे नाव, देश, सात प्रश्न, सगळे मुळासारखे होते. तरी अस्लाला धक्का लागला तो तिथे.

यावरून मी माझ्यापुरता एक निकष ठरवला आहे. वीर कोणासाठी धावतो आणि कोणासमोर उभा राहतो, हे त्याचे अस्ल. रंग, नाव, झूल, चपला हे प्रवासाचे सामान. सामान बदलताना अस्ल टिकले तर ती नक्ल मानाची. ते हरवले तर जुना पोशाख इस्त्री करून घातला तरी तो वीर परका.

पण हाच निकष मालेगावलाही लावला पाहिजे, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. त्या चित्रपटांसाठी नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, कारण गावातल्या बायका पडद्यावर येत नसत. सुपरमॅनने गावाचा दमा घेतला, गावची घाण घेतली. गावातल्या अर्ध्या माणसांना मात्र त्याला सोबत नेता आले नाही. याचा दोष चार हौशी पोरांवर टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या समाजाने त्यांच्या हाती जेवढे दिले, तेवढ्यात त्यांनी काम केले. परंतु गोऱ्या वीराच्या जागी आपला चेहरा मागताना, ‘आपला’ या शब्दात आपण कोणाकोणाला धरतो, हे आपल्याच मोहल्ल्यात आपल्याला विचारता आले पाहिजे. मागच्या बाकावरचा तो मुलगा बोलला, ते अमेरिकेशी इमान राखण्यासाठी होते की चेहरा मुलीचा होता म्हणून, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

वह्या तपासायला घरी आणल्या तेव्हा मी तिच्या चित्राखालच्या चार ओळी वाचल्या. तिची अम्मी बिड्या वळते. आमच्या जिल्ह्यात हा धंदा आता पूर्वीइतका राहिला नाही, तरी बऱ्याच घरांत सूप मांडीवर असतेच. ठेकेदार जुड्या तपासतो, काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो आणि तेवढी मजुरी कापतो. ओढणीवाली सुपरमॅन रात्री उडत ठेकेदाराच्या घरी जाते आणि त्याच्यासमोर बसून सगळ्या जुड्या पुन्हा मोजायला लावते. एवढीच गोष्ट.

मालेगावचा सुपरमॅन तंबाखूविरुद्ध लढला. त्याला जसाच्या तसा इथे आणला असता, तर तो या मुलीच्या घरातली चूल विझवून गेला असता. बिडीने इथे छाती जाते आणि बिडीनेच पीठ येते. मुलीला हे कोणी शिकवले नव्हते. खाणमालकाला खाणीत नेणारा पहिला सुपरमॅनही तिला ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वही परत केली आणि तिला तिच्या चार ओळी वर्गात वाचायला सांगितल्या. तिने वाचल्या. मागच्या बाकावरच्या मुलाची अम्मीही बिड्या वळते. या वेळी तो ‘असली नहीं है’ म्हणाला नाही. त्याने विचारले, “फिर ठेकेदार ने पूरे पैसे दिए क्या?”